बुधाजींच्या पायांतला दुभाष्या

नवा यांत्रिक पायसाज घालून बुधाजी मेस्त्री पहिल्यांदा अंगणात उतरले, तेव्हा त्यांची बायको सत्यवती पदराचा बोळा तोंडात कोंबून पायरीवरच बसली. ज्या नवऱ्याला खाटेवरून उठवता-बसवता तिची कंबर मोडायची पाळी आली होती, तो आज आपल्या पायांनी चालत होता, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि तो नाटकातल्या राणीसारखा चालत होता, म्हणून तिला हसू आवरत नव्हतं.

"अगो, हसतंस काय? पडलंय काय मी?"

"पडूक नाय. पण अवो, तुमच्या कमरेकडे जरा बघा."

बुधाजींनी खाली पाहिलं. पाऊल पुढे पडायच्या आधी कंबर हलकेच एका अंगाला झुलत होती. टाच अशी टेकत होती की खाली जणू फुलं पसरली आहेत. वळताना तर सगळं अंग असं फिरलं, की मागे पैठणीचा सोगा लोळत असावा. बुधाजींचा चेहरा उतरला. ते कसेबसे पायरीपर्यंत आले आणि म्हणाले, "काढ ह्या. आताच्या आता काढ."

दशावताराच्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करतात. बुधाजी एरवी सुतारकाम करायचे आणि जत्रा सुरू झाल्या की राणी व्हायचे. त्यांची राणी रंगात आली की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. पण त्यांचा एक कडक दंडक होता. "रंग पुसलो की राणी खुंटयेक," असं ते म्हणायचे. तरुणपणी तिठ्यावर एका टवाळाने मागून शीळ घातली, तेव्हा रंधा उगारून त्याला थेट व्हाळाच्या पाण्यापर्यंत पळवला होता. मंचावरची चाल मंचावर, रस्त्यावरची रस्त्यावर. त्यांनी आयुष्यभर या दोन चालींची गाठ पडू दिली नव्हती, आणि आता म्हातारपणी एका यंत्राने ती पाडली होती.

झालं होतं ते असं. एका घराचं दार बसवताना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा पाय गेला. पुनर्वसन केंद्राने पायसाज द्यायचं ठरवलं. कमरेपासून घोट्यापर्यंत हलक्या पट्ट्या आणि गुडघ्या-खुब्यांशी लहान मोटारी. हा साज माणसाची आधीची चाल शिकतो आणि तशीच चालवतो. म्हणून केंद्रातली इंजिनिअर स्वरूपा उमाटे हिने त्यांच्या चालण्याचं जुनं चित्रण मागितलं. आता विहिरीवर जाणाऱ्या माणसाचं चित्रण कोण करून ठेवतो? घरात एकही नव्हतं. मग दशावतारी कंपनीतल्या सोबत्यांनी आपापल्या फोनमधून राणीचे उत्तमातले उत्तम प्रवेश काढून अभिमानाने पाठवून दिले. स्वरूपा मूळची वर्ध्याची. तिने दशावतार कधी पाहिला नव्हता. "हे तेच ना?" असं तिने विचारलं, आणि सगळे एका सुरात म्हणाले, "तेच, तेच!" यंत्र बिचारं मन लावून शिकलं.

सत्यवतीचं हसू संध्याकाळपर्यंत पार विरलं. बुधाजींनी साज कोपऱ्यात टाकला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की पाय अजून शिकण्याच्या तयारीत आहे, तोवरच त्याला चालवा. हा हंगाम खाटेवर गेला, तर तो चालणं कायमचं विसरेल.

"चार लोकांत तसो चलण्यापरास मी पडान रवतंय," बुधाजी भिंतीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्वरूपा आली. आल्या आल्या तिने कान पकडले. "आजोबा, माझंच चुकलं. मला वाटलं, कपडे नाटकातले असले तरी पाय तुमचेच."

"पाय माझेच, बाय. पण चाल तिची."

"मग आता ता पुसून टाक नि दुसरी घाल," सत्यवती म्हणाली. "तितकाच ना?"

"दुसरी शिकवायला चित्रण नाही, आणि मूळ प्रोग्रामला मी हात लावू शकत नाही, आजी. कुणीच नाही."

मग तिने जे समजावून सांगितलं, ते थोडक्यात असं होतं. साजाच्या कमरपट्ट्यात नखाएवढी एक चकती होती, आणि तिच्यात साजाचा मूळ प्रोग्राम. तो 'सी' नावाच्या भाषेत लिहिलेला. ही भाषा जुनी, मोजकं बोलणारी आणि फार वेगवान. एकदा लिहून झालं की सगळं यंत्राच्या आकड्यांत आटवून टाकायचं. रसाचा गूळ झाला की त्याचा पुन्हा रस होत नाही, तसंच हे. तो प्रोग्राम सेकंदाला हजारदा गुडघ्याचा कोन बघायचा, तळव्याखालचा दाब बघायचा, माणसाच्या स्नायूंची बारीकशी चाहूल घ्यायचा आणि कुठल्या मोटारीने किती जोर लावायचा ते ठरवायचा. माणूस पडता कामा नये, ही त्याची जबाबदारी. म्हणून तपासनिसांनी तो वर्षानुवर्षं पारखून मोहोरबंद केला होता. त्यातलं एक अक्षर हललं तरी सगळी पारख पुन्हा पहिल्यापासून.

पण माणसं काही एका साच्यातून निघत नाहीत, हे बनवणाऱ्यांनाही कळत होतं. त्यांनी त्या मूळ प्रोग्रामच्या पोटात एक लहानसा दुभाष्या बसवला होता. त्याला आटवाआटवी लागत नाही. साध्या मराठीत लिहिलेल्या ओळी तो चालता चालता एकेक करून वाचतो, त्यांचा अर्थ लावतो आणि मूळ प्रोग्रामकडे तसं मागणं करतो. ओळ लिहिली की शिकलेली चाल मागे पडते, आणि ओळ बदलली की चाल बदलते. मात्र त्याला स्वतःचे हातपाय नाहीत. मूळ प्रोग्राम हा घरचा मालक, आणि त्याने ज्या गोष्टी मागायची मुभा दिली आहे, तेवढ्याच दुभाष्याने मागायच्या. वेग, कमरेचा कल, पावलाची लांबी, टाचेवरचा जोर, वळणं, थांबणं, बस्स. त्यातलं काय द्यायचं आणि किती द्यायचं, हे मालक ठरवणार. दुभाष्या अडखळला किंवा भलतंच बोलू लागला, तर मालक त्याला गप्प करतो आणि माणसाला आहे तिथे भक्कम उभं करतो.

भिंतीकडे तोंड करून पडलेले बुधाजी इतका वेळ ऐकत होते. ते एकदम वळले.

"म्हणजे आमच्या खेळासारखा झाला! आख्यान ठरलेला. बोलणा ज्येचा त्येणी आपल्या मनान बोलायचा, लिवलेला काय नसता. आणि कोण भरकटलो तर पेटयेवालो सूर धरून सांभाळता."

"अगदी तसंच, आजोबा. आता सांगा, तुमची खरी चाल कशी होती?"

बुधाजी गोंधळले. "माका काय ठावक? माझी पाठ मी कधी बघलंय?"

मग सत्यवती हळूच म्हणाली, "माका ठावक आसा. लग्न झाल्यापासून मी त्याच पाठीमागून चलतंय."

त्या गावात पायवाटा एका माणसापुरत्या. नवरा पुढे, बायको मागे, हे ठरलेलंच. बुधाजी झपझप चालायचे आणि एकदा निघाले की मागे बघायचे नाहीत. तिने त्या पाठीकडे बघत कितीतरी वाटा तुडवल्या होत्या.

"तुम्ही सांगा, मी लिहिते," स्वरूपा म्हणाली.

सत्यवती लाजली. नवऱ्याचं अंग कसं हलतं, कुठे डुलतं, हे परक्या पोरीला तोंडाने सांगायचं म्हणजे काय? "नको. मीच लिवतंय," ती म्हणाली.

अंगणवाडीत दुपारी भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात ती साठी उलटल्यावर अक्षरं शिकली होती. अजून जोडाक्षर आलं की तिची जीभ दातांखाली यायची. स्वरूपाने पाटीएवढा पडदा तिच्या मांडीवर ठेवला, शब्द कसे मांडायचे ते दाखवलं आणि ती चहा करायला आत गेली. सत्यवती बोटाने लिहू लागली. कंबर सरळ. पाऊल लांब. डावा खांदा खाली.

पडद्यावर उमटलं, 'खांदा म्हणजे काय, मला ठाऊक नाही.'

"बघा! खांदो म्हायत नाय ह्येका!"

"त्याच्याकडे नुसती कंबर आणि पाय आहेत, आजी," स्वरूपा आतून म्हणाली. "खांदा त्याच्या घरातच नाही, तर देणार कुठून? खांदा खाली का असायचा?"

"हत्यारांची पिशवी त्या अंगाक."

"मग त्या अंगाच्या पायावर भार जास्त पडत असणार. तसं लिहा."

तिने लिहिलं, 'डाव्या टाचेवर जोर.' हे मात्र मालकाकडे होतं.

पहिल्या खेपेला बुधाजी दोन पावलं चालले आणि अंगणाच्या मधोमध खांबासारखे उभे राहिले. ओळी संपल्या की 'इतकंच' असं लिहायचं असतं, ते ती विसरली होती. दुभाष्या पुढची ओळ शोधत राहिला, म्हणून मालकाने त्याला गप्प केलं. एक कोंबडी येऊन बुधाजींच्या पावलाशी टोचू लागली.

"सत्यवती! माका खांब केलंस काय गो? आता वर कौलां घाल!"

दुसऱ्या खेपेला तिने वेग मागितला दहा. मालकाने दिला पाच, तरीही बुधाजी फणसाला जाऊन बिलगले. "अगो, मी तिशीत आसंय काय?" ते ओरडले. आठवणीतला नवरा आणि अंगणातला नवरा यांच्यातलं अंतर सत्यवतीला तेव्हा कळलं. तिने वेग उतरवला.

चौथ्या की पाचव्या दिवशी ते जमलं. बुधाजी अंगणातून निघाले. उजवं पाऊल जरा बाहेर फाकलेलं, डावी टाच दमदार, आणि घाई अशी की कुणाचं तरी दार बसवायचं राहिलंय. ते कुंपणाच्या बेड्यापर्यंत गेले, आडव्या वाशावर हात ठेवला आणि तसेच थांबून राहिले. मग वासा सरकवून सरळ रस्त्यावर गेले. सत्यवती ती पाठ बघत दारात उभी राहिली. आज तिला हसू आलं नाही.

महिना बरा गेला. डॉक्टर खूश होते. दोघं पुन्हा आठवड्याच्या बाजाराला जाऊ लागली, बुधाजी पुढे आणि सत्यवती मागे. फरक इतकाच, की साजाला दम लागत नव्हता, आणि सत्यवतीचे गुडघे मात्र हाडामांसाचे होते. बुधाजी वळणाआड जायचे. ती धापा टाकत पोचायची, तोवर ते चहाच्या दुकानात बसलेले असायचे. "इलंस?" एवढंच विचारायचे.

एका दुपारी बुधाजी झोपले होते. साज खुंटीला होता आणि पडदा कपाटावर. सत्यवतीने तो घेतला आणि आणखी एक ओळ लिहिली. तीस पावलं झाली की थांब, मागे वळ, थोडा वेळ उभा राहा. शेवटी 'इतकंच' लिहायला ती विसरली नाही.

पुढच्या बाजाराला बुधाजी वाटेत थांबले. मागे वळले. सत्यवती येईपर्यंत उभे राहिले. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

साज घालणाऱ्यांचं असंच होतं. पाऊल उचलायचं मनात येतं न येतं, तोच साजाने ते उचललेलं असतं. मग कुठली हालचाल आपली आणि कुठली त्याची, हा भेद पुसला जातो. पाय आधी हलतो आणि मन मागाहून म्हणतं, हे मीच केलं. बुधाजींच्या मनानेही तेच म्हटलं. मी थांबलो.

आणि थांबलेल्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं. व्हाळाकाठी थांबले असताना सत्यवती म्हणाली, माहेरच्या नदीत ती पोहायची, पार पलीकडच्या काठापर्यंत. बुधाजी तिच्याकडे बघतच राहिले. "तुका पोहाक येता?" इतका संसार झाला आणि त्यांना हे माहीत नव्हतं. पुढच्या थांब्याला ते म्हणाले, पडद्याआड उभं असताना दर वेळी त्यांचे हात थरथरायचे. तिलाही ते माहीत नव्हतं. बाजाराची वाट लांबावी असं तिला वाटू लागलं.

चहावाला बाबल दुकानातून हे दर बाजाराला बघत होता. "काय बुधाजीनू, म्हातारपणात बायलेची वाट बघतंस?"

"बाईल माझी, वाट सरकारची. तुझा काय जाता? दोन कप चाय घाल."

पुढच्या महिन्याच्या तपासणीला स्वरूपा आली. पडदा मांडीवर घेऊन ती ओळी वाचू लागली. बुधाजी खुर्चीत बसून तिला सांगत होते.

"बाय, ह्या दुखण्यान माका एक शिकवल्यान. आधी मी कधी हिच्यासाठी थांबूक नाय. एकदासुद्धा नाय. आता पाय आपसूक थांबता. बघ, पायाक समाजला, पण माका इतकी वर्षां समाजला नाय." त्यांचा आवाज ओला झाला. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

स्वरूपाचं बोट पडद्यावर एका जागी थांबलं होतं. तिने सत्यवतीकडे पाहिलं. सत्यवती उठून पडवीत गेली. थोड्या वेळाने स्वरूपाही गेली.

"आजी, यंत्रात काय लिहिलंय ते घालणाऱ्याला ठाऊक असावं, एवढा एकच नियम आम्ही पाळतो."

"माका ठावक आसा, मी चुकलंय."

"मी पुसत नाही. ओळ तुमची आहे, तुम्हीच ठरवा."

ती गेल्यावर सत्यवती बराच वेळ तांदूळ निवडत बसली. निवडून झालेले पुन्हा निवडले. आत बुधाजी गुणगुणत होते. माणूस आपल्या चांगुलपणावर खूश असला की असाच गुणगुणतो. तो चांगुलपणा तिने बोटाने लिहिला होता. व्हाळाकाठी तिच्याकडे बघत उभे असायचे ते डोळे त्यांचे होते यात शंका नव्हती. पण त्यांना तिथे उभं कुणी केलं होतं? आपणच आपल्याला साडी घ्यायची आणि नवऱ्याने आणली म्हणून मिरवायची, तसलं हे. ओळ ठेवली तर तो दर खेपेला थांबेल, आणि दर खेपेला तिला कळेल की तो थांबलेला नाही. पुसली तर पुन्हा ती पाठ वळणाआड जाईल. ते तिला आता सोसेल का? आधी सोसत होतं, कारण दुसरं काही चाखलं नव्हतं.

तिने ओळ पुसली.

बाजाराच्या दिवशी दोघं निघाली. तीस पावलं झाली, पन्नास झाली. बुधाजी चालतच होते. सत्यवती पाठीकडे बघत होती. घरून निघताना सगळं सांगून टाकायचं तिने ठरवलं होतं, पण दारातच जीभ जड झाली, आणि आता तो ऐकू येण्याच्या टप्प्याबाहेर चालला होता. व्हाळ आला. बुधाजी त्यावरच्या साकवावरून पलीकडे गेले. नेहमी थांबायचे त्या जागी जरासे रेंगाळल्यासारखे वाटले, की तिला उगाच तसं वाटलं? मग डावी टाच दमदार पडली आणि ते वळणाकडे निघाले.

लग्न होऊन आली तेव्हा सासूने बजावलं होतं, बाईमाणसाने वाटेवर घोवाला हाक मारायची नसते. तिने ते इतकं पाळलं होतं, की हाक मारता येते हेसुद्धा ती विसरून गेली होती. आता ती साकवाच्या अलीकडे उभी राहिली. गुडघे ठणकत होते. आणि घशातून जो आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"अवो! थांबा मां जरा!"

वळणावरची पाठ थबकली. बुधाजींनी अंगाचा भार मागे घेतला, साजाने तो ओळखला आणि दोन्ही पावलं जागेवर टेकवली. ते वळले, आणि जवळजवळ धावतच मागे आले.

"काय झाला गो? पडलंस काय?"

"पडूक नाय. दमलंय. तुमका गाठूक जमणा नाय माका."

"मगे तसा सांगूचा! आज इतकी वर्षां मागून चलतंस, कधी तोंड उघडलंस काय?"

"वाटेर घोवाक हाका मारतत काय?"

"मारतत! कोण म्हणता नाय मारणत? हाक आयकान मी थांबलंय नसतंय काय?"

सत्यवती साकवाच्या कठड्याला टेकली. मग खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघत तिने सगळं सांगितलं. ती दुपार, ती ओळ, आणि परवाचं पुसणं. बुधाजी ऐकत राहिले. त्यांची मान खाली गेली आणि ते आपल्या पायांकडे बघू लागले. विश्वासातल्या माणसाने दगा द्यावा, तसं ते बघत होते. तिला वाटलं, आता साज पुन्हा कोपऱ्यात जाणार.

"म्हणजे मी सुधारूक नाय?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"अजिबात नाय?"

"थोडेसुद्धा नाय."

बुधाजींच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. तो हुंदका नसून हसू आहे, हे कळायला तिला क्षणभर लागला. "तरी मी म्हणतंय, ह्या पायाक एवढी अक्कल खंयसून इली!" ते कठडा धरून हसत राहिले. मग थांबले आणि डोळे पुसले. "पण त्या पोहण्याचा सांगलंस, ता खरा ना? ता कोणी लिवक नाय ना?"

"ता खरा."

"मगे झाला." त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि साकवावर एका अंगाला होऊन उभे राहिले. "चल. तू फुडे हो."

"मी? फुडे?"

"माझी चाल तू लिवलंस. उद्या तुझी कोणी इचारली, तर मी काय सांगतलंय? मी कधी बघलंय ती?"

वाट एका माणसापुरतीच होती. सत्यवतीने पदर सावरला आणि पुढे पाऊल टाकलं. समोर पाठ नव्हती, नुसती मोकळी वाट होती, आणि आपण कशा चालतो हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं. मागून मोटारींची बारीक घरघर येत होती. ती तिच्याच पावलांबरोबर थांबत होती आणि तिच्याच पावलांबरोबर निघत होती.